जर्नल पूर्ण, सर्किट अपूर्ण

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी यंदा दहावी पास झालेलं पोर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

परवा आपल्या गावच्या ग्रुपवर एका ताईंनी साधा प्रश्न टाकला. मुलाला इलेक्ट्रिकल डिप्लोमाला घालायचंय, कॉलेज कुठलं बघू? दोन तासांत चाळीसेक उत्तरं आली. फी किती, बस कुठपर्यंत येते, होस्टेल आहे का, निकाल किती टक्के, प्लेसमेंट होतं का. लॅब कशी आहे, हे एकानेही विचारलं नाही. वर एका भाऊंनी लिहिलं, "थिअरी कशाला पाहिजे, दोन वर्षं एखाद्या वायरमनच्या हाताखाली ठेवा, पोरगा तयार होईल." त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, "आता सगळं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन होतं, लॅबची गरजच राहिली नाही."

दोघांशीही भांडायचंय मला. पण पहिलं भांडण कॉलेजांशी आहे.

माझा भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की चर्चा त्या एका कॉलेजवर जाते आणि बाकीची सगळी सुटतात. त्याला सर्किटच्या विषयात टर्मवर्कला 25 पैकी 23 मार्क. जर्नल बघितलं, अक्षर मोत्यासारखं. किरचॉफचे दोन्ही नियम, सुपरपोझिशन, थेवेनिन, नॉर्टन, मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर, सगळे प्रयोग पूर्ण आणि सगळ्यांवर सही. प्रत्येक टेबलात दोन रकाने, एक थिअरीने काढलेलं उत्तर आणि दुसरं मीटरवर आलेलं. दोन्ही रकाने दशांशापर्यंत सारखे. 6.0 आणि 6.0. 2.4 आणि 2.4.

मी म्हटलं, "एवढं बरोबर आलं?"

"येतं ना मामा. सिनियरचं जर्नल असतं."

त्याला ओटीवर बसवलं. एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडले, वर 12 व्होल्टचा ॲडॅप्टर. विचारलं, एका रेझिस्टरवर किती व्होल्ट येतील? लगेच म्हणाला, सहा. बरोबर आहे, दोन्ही सारखे, निम्मे निम्मे. मग माझा जुना काट्याचा मीटर त्याच्या हातात दिला, 10 व्होल्टच्या रेंजवर ठेवून. काटा 1.7 वर थांबला.

पोराने मीटर हलवला, प्रोब उलटसुलट केले, आणि म्हणाला, "मामा, मीटर बिघडलाय."

मग डिजिटल मीटर दिला. त्यावर 5.7 आले. आता मात्र तो गप्प. सहा कुठेच नाहीत.

मीटर दोन्ही चांगले होते. काट्याचा मीटर 20 हजार ओहम प्रति व्होल्टचा, म्हणजे 10 व्होल्टच्या रेंजवर त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स दोन लाख ओहम. तो दहा लाखांच्या रेझिस्टरला समांतर लागला की दोघांचे मिळून राहतात एक लाख सदुसष्ट हजारांच्या आसपास. आता 12 व्होल्टची वाटणी निम्मी निम्मी होतच नाही, 1.7 इकडे आणि 10.3 तिकडे. डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स एक कोटी ओहम, म्हणून त्याने कमी लुडबुड केली, पण केलीच. मोजायला गेलं की मोजण्याचं यंत्र सर्किटचा भाग होतं. या एका गोष्टीत ओहमचा नियम आला, समांतर जोडणी आली, व्होल्टेज डिव्हायडर आला आणि मीटर निवडायचा कसा हेही आलं. त्या संध्याकाळी पोराने स्वतः वहीत गणित मांडलं, 1.71 उत्तर काढलं आणि काट्याकडे बघून हसला. 23 मार्कांचं जर्नल लिहिताना तो एकदाही असा हसला नसेल.

याच पोराला लॅबमध्ये 1.7 आलं असतं तर त्याने खोडरबर घेऊन 6.0 केलं असतं, आणि सरांनी सही केली असती. 1.7 लिहिलं असतं तर बहुधा "रिपीट" असा शेरा मिळाला असता. म्हणजे ज्या जागी शिकायचं असतं नेमकी तीच जागा खोडून टाकायला आपण पोरांना शिकवतो. त्यासाठी फी घेतो आणि त्याला प्रॅक्टिकल म्हणतो.

मी साधू नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मीही असंच जर्नल लिहिलंय. एका टेबलाला आम्ही सहा जण. एक जण जोडणी करायचा, एक जण रीडिंग सांगायचा, चौघे लिहायचे. तीन वर्षांत मी स्वतःच्या हाताने किती सर्किटं जोडली ते दोन हातांच्या बोटांवर मोजता येईल. एक्स्टर्नल यायचे, चहा-बिस्किटं व्हायची, "थेवेनिनची व्याख्या सांग" म्हणायचे. व्याख्या पाठ होती, घडाघडा सांगितली. थेवेनिन म्हणजे काय हे मला नंतर समुद्रावर कळलं, तेही पाण्यात उभं राहून शिव्या खाताना.

बोटीची बॅटरी. मीटर लावला की 12.5 दाखवायची, एकदम ठणठणीत. स्टार्टर मारला की टक् आवाज आणि शांतता. नाखवा म्हणतोय बॅटरी नवीन आहे, मी म्हणतोय व्होल्टेज बरोबर आहे, मग स्टार्टरच गेला असेल. स्टार्टर काढला, तो चांगला निघाला. शेवटी शेजारच्या बोटीवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगितलं, "स्टार्टर मारताना मीटर लावून बघ." लावला, तर व्होल्टेज सातवर आलं. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट थर चढला होता. समजा स्टार्टर 100 अँपिअर ओढतो, आणि वाटेत साडेपाच व्होल्ट गायब होतात. म्हणजे वाटेत 0.055 ओहम बसलाय. ओहमचा अठरावा हिस्सासुद्धा धड नाही, पण 100 अँपिअरला तेवढा बास होतो. टर्मिनल घासलं, व्हॅसलीन लावलं, इंजिन पहिल्या सेल्फला चालू.

हेच थेवेनिन. आत काहीही गुंतागुंत असू दे, बाहेरून बघणाऱ्याला तो एक व्होल्टेज सोर्स आणि त्याच्या सिरीजला एक रेझिस्टन्स असाच दिसतो. लोड नसताना मोजलं तर फक्त सोर्स दिसतो. आतला रेझिस्टन्स दिसायला करंट वाहायला लागतो. त्या मेकॅनिकला थेवेनिनचं नाव ठाऊक नव्हतं. मला व्याख्या ठाऊक होती. त्या दिवशी बोट त्याच्यामुळे निघाली.

इथे पहिले भाऊ टाळ्या वाजवतील. बघा, थिअरी काय कामाची! थांबा जरा, आता तुमच्याकडेच येतोय.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून हे सगळ्यांनीच नीट वाचा. वाऱ्यापावसात, नाहीतर नुसत्या खाऱ्या हवेने गंजून, कधीतरी न्यूट्रलचं जोड सुटतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आपल्या तालुक्यात खांब किती पडले आणि आपण अंधारात किती दिवस काढले ते कुणाला सांगायला नको. त्यानंतरच्या काळात मी बरीच घरं फिरलो. तक्रार एकच, विचित्र वाटणारी: "आमच्याकडे दिवे मिणमिणतायत, आणि शेजाऱ्याचा टीव्ही जळाला." लोक म्हणायचे, आमचे व्होल्ट त्यांच्याकडे गेले. हसू नका, जवळजवळ बरोबर आहे ते.

दोन घरं, दोन वेगवेगळ्या फेजवर, न्यूट्रल एकच. न्यूट्रल शाबूत असताना प्रत्येकाला आपापले 230. न्यूट्रल सुटला की दोन्ही घरं एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये, दोन फेजच्या मधे लटकतात. दोन फेजमधे 400 व्होल्ट. गणित सोपं व्हावं म्हणून धरा, पहिल्या घरात 1000 वॅटची इस्त्री चालू आहे, तिचा रेझिस्टन्स सुमारे 53 ओहम. दुसऱ्या घरात फक्त 100 वॅटचा लोड, म्हणजे 530 ओहमच्या आसपास. आता 400 ची वाटणी करा. इस्त्रीच्या वाट्याला 36 व्होल्ट, दुसऱ्या घराच्या वाट्याला 364. ज्याच्याकडे लोड कमी, त्याच्याकडे व्होल्टेज जास्त. ज्याने काटकसर करून एक दिवा आणि टीव्ही लावला त्याचाच टीव्ही फुटतो, आणि कारण शेजारणीची इस्त्री.

माझ्या भाच्याचे ते दोन रेझिस्टर आठवतायत? तेच गणित आहे हे. तिथे 12 व्होल्ट होते, इथे 400.

आता भाऊ, तुमचा हाताखाली शिकलेला वायरमन. अशा घरात तो टेस्टर लावतो, सॉकेटच्या दोन्ही भोकांत दिवा पेटतो. अनुभवी असेल तर म्हणतो, "न्यूट्रल गेला." अर्धवट असेल तर म्हणतो, "दोन फेज आले." नुकताच डिप्लोमा झालेल्या एका मुलालाही मी हे विचारलंय, त्यानेही दोन फेजच सांगितलं. का पेटतो, हे दोघांनाही सांगता येत नाही. उत्तर एका ओळीचं आहे. तार तुटली, करंट वाहत नाही, मग बल्बवर किंवा पंख्यावर व्होल्टेज पडतच नाही, आणि फेजचा सगळाच्या सगळा 230 त्यातून पलीकडे न्यूट्रलच्या तारेवर येऊन उभा राहतो. किरचॉफचा व्होल्टेजचा नियम. बस.

हे "का" माहीत नसलं तर काय बिघडतं? माणूस मरतो. अर्थिंग नसलेल्या घरात सॉकेटमधे अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलच्या पिनेला दोन इंचांची वायर मारून द्यायची, ही आपल्याकडची जुनी चलाखी आहे. मी आजही दर महिन्याला एखादी काढून टाकतो. मारणारा म्हणतो, "काका, न्यूट्रल आणि अर्थ एकच की, ट्रान्सफॉर्मरला दोन्ही जमिनीतच जातात." आणि वर्षानुवर्षं काही होत नाही, म्हणून त्याला वाटतं आपलं बरोबर आहे. मग एक दिवस बाहेर न्यूट्रल सुटतो. घरात एखादं उपकरण चालू असतं, त्यातून 230 व्होल्ट न्यूट्रलवर येतात, तिथून त्या दोन इंचांच्या वायरीतून अर्थच्या पिनेवर, आणि तिथून फ्रिजच्या पत्र्यावर. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून कुणीतरी फ्रिजचं दार उघडतं. सर्किट पूर्ण होतं.

वायरी ओढण्यात, पाइप वाकवण्यात त्या वायरमनचा हात माझ्यापेक्षा चांगला असेल. पण त्याने कधी कागदावर त्या दोन इंचांच्या वायरीसकट सर्किट काढून, एक तार तुटली तर करंट कुठून जाईल असं बोट फिरवून बघितलं नाही. सर्किट ॲनालिसिस म्हणजे दुसरं काय असतं? अजून न झालेला बिघाड आधी कागदावर बघायचा. हाताखाली राहून जे बिघाड तुमच्यासमोर झाले तेवढेच कळतात. जो पहिल्यांदाच होणार आहे तो कळत नाही, आणि कधीकधी तो शेवटचाच ठरतो.

म्हणून थिअरी विरुद्ध प्रॅक्टिकल हे भांडणच मला खोटं वाटतं. ज्यांची नावं पोरं पाठ करतात त्यांच्याकडे बघा. ओहम शाळामास्तर होता, शाळेतल्या प्रयोगशाळेत काम करायचा. आधी रासायनिक बॅटरी वापरली तर करंट स्थिर राहीना. मग 1826 मध्ये त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात, आणि त्यातून स्थिर सोर्स मिळवला. रीडिंग हलतंय म्हणून त्याने खोडरबर घेतलं नाही, सोर्स बदलला. पुढच्या वर्षी पुस्तक काढलं. किरचॉफने 1845 मध्ये नियम मांडले तेव्हा तो 21 वर्षांचा विद्यार्थी होता, आपल्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षातल्या पोराएवढा. थेवेनिन फ्रान्सच्या तारखात्यातला इंजिनिअर, तारखात्यातल्या लोकांना शिकवताना 1883 मध्ये त्याने तो सिद्धांत लिहिला. यातलं कुणीही नुसतं पुस्तकातलं नव्हतं, आणि नुसतं पक्कड-पान्याचंही नव्हतं.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या थळवरून अलिबागला जाता ना रोज? तिथली मॅग्नेटिक ऑब्झर्व्हेटरी किती जणांनी पाहिलीय? ती अलिबागला का आली हे किती जणांना माहितीय? मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालू होतं. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा करंट वरच्या तारेतून येतो, मोटरमधून जातो आणि रुळांतून परत जातो. पण रूळ जमिनीवर, त्यामुळे काही करंट रूळ सोडून जमिनीतूनच वाट काढतो. करंट आला की चुंबकीय क्षेत्र आलं, आणि ते गाडीगणिक बदलणार. म्हणजे कुलाब्याची नाजूक यंत्रं पृथ्वीऐवजी ट्राम मोजायला लागणार. माझ्या काट्याच्या मीटरच्या गोष्टीची मोठी बहीणच ही. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. ट्राम 1907 मध्ये धावली, पण यांनी आधीच हिशोब करून 1904 मध्ये अलिबागला वेधशाळा उभी केली होती, चुंबकाला न जुमानणाऱ्या सामानाची. आणि लगेच कुलाबा बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून.

दोन्ही रकाने सारखे दिसावेत म्हणून कुणी सिनियरचं जर्नल मागवलं नाही. फरक किती आहे हे बघायलाच दोन वर्षं घातली. हे आपल्या तालुक्यात घडलंय, सव्वाशे वर्षं होत आली, आणि आपली पोरं सहलीला वॉटर पार्कला जातात. असो.

आता सिम्युलेशनवाले. मी सिम्युलेशनच्या विरोधात नाही. स्पाइस 1973 च्या सुमारास बर्कलीत तयार झालं, अख्खी इलेक्ट्रॉनिक्सची दुनिया त्यावर चालते. सरकारची व्हर्च्युअल लॅब फुकट आहे, पोरांनी जरूर वापरावी. लॉकडाऊनमध्ये तेवढाच आधार होता. पण स्क्रीनवरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर खारा थर चढत नाही. स्क्रीनवरचा व्होल्टमीटर आदर्श असतो, तो 6.0 च दाखवणार. स्क्रीनवर ढिला स्क्रू नसतो, जळकट वास येत नाही, हात थरथरत नाही. ज्याने हाताने दहा वेळा चूक केलीय त्याच्या हातात सिम्युलेशन म्हणजे दुधात साखर. ज्याने केलीच नाही त्याच्यासाठी ते अजून एक सिनियरचं जर्नल.

कॉलेजवाले सांगतात, बॅच मोठ्या, इन्स्ट्रुमेंट कमी, दुरुस्तीला पैसे नाहीत, लॅब असिस्टंटची जागा रिकामी, मास्तर तासिका तत्त्वावर. यातलं बरंच खरं आहे, आणि त्या मास्तरांबद्दल मला सहानुभूतीच आहे. तासाच्या पैशांवर राबणाऱ्या माणसाने साठ जर्नलं तपासायची आणि शिवाय साठ जणांच्या जोडण्या बघायच्या, हे होत नाही. पण खऱ्या रीडिंगला मार्क द्यायला पैसे लागत नाहीत. "तुझं 1.7 का आलं ते सांग" एवढं विचारायला बजेट मंजूर करावं लागत नाही. मीटर, ब्रेडबोर्ड, मूठभर रेझिस्टर, एक ॲडॅप्टर, हे सगळं हजार रुपयांच्या आत येतं. फायलीला कव्हर, रंगीत पेनं, प्रिंट आणि स्पायरल यावर पोरं वर्षाला त्याहून जास्त घालवतात.

समोर आरसीएफचा एवढा मोठा कारखाना, चाळीस वर्षं उभा. शेजारी आणखी कंपन्या. स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणून आपण मोर्चे काढतो, आणि काढायलाच हवेत, जमिनी आपल्या गेल्यात. पण गेटच्या आत गेल्यावर पॅनल उघडून कुणी विचारलं, "इथे व्होल्टेज का कमी येतंय?" आणि आपलं पोरगं म्हणालं, "मीटर बिघडलाय", तर मोर्चाने मिळालेली ती खुर्ची किती दिवस टिकेल? मग कंत्राटदाराकडे हेल्परचं काम, आणि आपण म्हणणार बाहेरच्यांना घेतात.

तर त्या ताईंना माझं उत्तर. कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसातून परत येऊ नका. लॅब उघडून दाखवा म्हणा. कुलूप उघडायला किल्ली शोधावी लागली तर समजून घ्या. टेबलं मोजा, एका टेबलाला किती पोरं असतात ते पोरांनाच विचारा, सरांना नको. मीटरवर धूळ आहे का ते बोट फिरवून बघा. नवीन कोऱ्या प्लॅस्टिकमधली यंत्रं बघून खूश होऊ नका, खरचटलेली, वायरींना टेप लावलेली यंत्रं बघून खूश व्हा. आणि जमलं तर एखादं जर्नल चाळा. दोन्ही रकाने दशांशापर्यंत सारखे असतील तर पुढचं कॉलेज बघा.

आणि पावसाआधी घरच्या सॉकेटमध्ये ती दोन इंचांची वायर आहे का ते जाणकार माणसाला मेन स्विच बंद करून बघायला लावा. स्वतः उघडू नका. असेल तर काढा, खरं अर्थिंग करून घ्या आणि मेनला आरसीसीबी बसवा. गळक्या न्यूट्रलपासून टीव्ही वाचवायचा तर ओव्हरव्होल्टेज कटऑफ वेगळा लागतो, ते काम आरसीसीबीचं नाही. दुकानदार दोन्हीला एकच म्हणून विकतो, फसू नका.

माझ्याकडे तो काट्याचा मीटर आणि थोडे रेझिस्टर पडून आहेत. ज्या पोराला ते 1.7 स्वतःच्या डोळ्याने बघायचंय त्याने रविवारी सकाळी यावं, ओटी मोकळीच असते. काटा झिरोच्या जरा डावीकडे अडकतो, हलकी टिचकी मारावी लागते.